येताना पेण लांब का जातं?

प्रश्न : आम्ही मोहोपाड्यातले चार मित्र. पाताळगंगा एमआयडीसीत वेगवेगळ्या कंपन्यांत कामाला आहोत. महिन्यातला एखादा शनिवार जमवून रेवदंड्याला खाडीवर गरवायला जातो. जाताना खारपाडा, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग कसं मागे पडतं ते कळतही नाही. येताना मात्र तोच रस्ता संपता संपत नाही. गाडी मीच चालवतो. बाकी तिघं पोयनाड यायच्या आत झोपलेले असतात. मागच्या खेपेला तर पेण कधी गेलं ते मला आठवतच नाही, आणि तरीही रस्ता लांबच लांब वाटत होता. रस्ता तोच, गाडी तीच, मग असं का होतं? आणि झोप घालवायचा खात्रीचा उपाय कोणता?
— एक वाचक, मोहोपाडा

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पेण कधी गेलं ते आठवत नाही, असं तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. रस्ता लांब वाटणं ही कुतूहलाची गोष्ट आहे, तिच्याबद्दल सांगायला मला आवडेलच. पेण न आठवणं ही मात्र जिवाशी गाठ आहे. दोन्हींचं मूळ एकच असल्यामुळे आधी लांबीकडे वळू आणि मग पेणकडे.

बहुतेक प्रवाशांचा अनुभव तुमच्या उलट असतो. त्यांना परतीची वाट आखूड वाटते. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले नील्स व्हान दे व्हेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. बसने सहलीला गेलेले लोक, सायकलवरून गेलेले विद्यार्थी अशांना त्यांनी विचारलं, तेव्हा परतीचा प्रवास साधारण पाचव्या हिश्श्याने छोटा वाटल्याचं दिसलं. वाट ओळखीची झाली म्हणून असेल, असं आपल्याला लगेच सुचतं. त्यांनाही ते सुचलं होतं, म्हणून काही सायकलस्वारांना त्यांनी तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या रस्त्याने परत आणलं. तरीही वाट आखूडच वाटली. त्यांचं म्हणणं असं की, जाताना आपण वेळेचा अंदाज कमी धरतो आणि प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. मग येताना मनाने मोठ्या प्रवासाची तयारी ठेवलेली असते आणि तो अपेक्षेच्या आधीच संपतो. २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी यात एक भर घातली. प्रवास चालू असताना वेळेची जाणीव फारशी बदलत नाही, सगळं संपल्यावर आठवून सांगायला लागलं की मगच परतीचा भाग आखूड वाटतो, असं त्यांना आढळलं.

हे सगळे प्रवासी ताजेतवाने होते, हा तुमच्यातला आणि त्यांच्यातला पहिला फरक. दुसरा फरक लक्षाचा. ज्याचं लक्ष वेळेवर असतं त्याचा वेळ लांबतो, हे काळाच्या जाणिवेवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. जाताना तुमच्या गाडीत भरती किती वाजता भरेल, ताजी कोळंबी आमिषाला मिळेल का, मागच्या खेपेला तंगूस तोडून गेलेला जिताडा अजून तिथेच असेल का, अशा गप्पा चाललेल्या असणार. घड्याळाकडे बघायला फुरसत कुणाला आहे? येताना तिघं झोपले की बोलायला माणूस उरत नाही आणि तुम्ही मोजायला लागता. अजून कार्लेखिंड यायची आहे, मग पोयनाड, मग धरमतरचा पूल, मग वडखळ. त्या तिघांना विचारा, त्यांच्या दृष्टीने डोळे मिटले आणि मोहोपाडा आलं. एकाच गाडीतल्या चार माणसांपैकी रस्ता फक्त तुमच्याच वाट्याला येतो.

मग ज्या रस्त्याचा मैल न् मैल तुम्ही मोजत होता, त्यातलं अख्खं पेण कुठे गेलं?

फार दमलेला मेंदू मधूनच काही क्षण बंद पडतो. दोन सेकंद, चार सेकंद, कधी त्याहून जास्त. डोळे उघडे असले तरी हे होऊ शकतं, आणि ज्याला होतं त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर सुमारे ६७ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. ८० च्या वेगाला हेच अंतर ८९ मीटर होतं. शिवाय डुलक्या लागत नसतात तेव्हाही दमलेला मेंदू पाहिलेलं नीट साठवून ठेवत नाही. म्हणून रस्ता एकीकडे संपत नाही आणि दुसरीकडे त्यातले तुकडे हरवलेले असतात. गेले काही किलोमीटर आठवत नाहीत, ही झोपेची चाहूल मानू नका. झोप तोवर येऊन गेलेली असते.

आता हे तुमच्याच बाबतीत आणि नेमकं परतीलाच का घडतं? मला वाटतं, याचं उत्तर पंचांगात आहे. समुद्र चंद्राच्या घड्याळावर चालतो. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा सोपा हिशेब तुम्हाला माहीत असेलच : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. काटेकोर करायचं तर तिथीमागे ४८ मिनिटं, म्हणजे दोन घटका. अमावास्या किंवा पौर्णिमा, म्हणजे पंधरावी तिथी घ्या. १५ गुणिले ४८ मिनिटं, बरोबर १२ तास. म्हणजे उधाणाची भरती आपल्या किनाऱ्यावर दुपारी १२ आणि रात्री १२ च्या सुमारास भरते. अष्टमीला, ऐन भांगात, तीच भरती सहा-साडेसहाला येते. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चौकट हीच.

गरवणारा माणूस उधाण बघून बाहेर पडतो. पाणी चढायला लागलं की गळ टाकायचा, भरती भरून पाणी फिरेपर्यंत थांबायचं. अमावास्येच्या रात्री पाणी फिरतं बारा-साडेबाराला. अजून एक मासा, अजून एक मासा करत आवराआवर होते दोनला. तंगूस गुंडाळून, चिखलाचे पाय धुऊन, मासे भरून गाडी सुरू होते अडीचला. पेणला तुम्ही पोचता चारच्या आसपास.

आणि शरीर चालतं सूर्याच्या घड्याळावर. पेशींमधलं हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालतं ते शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाप्रमाणे पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान चोवीस तासांतल्या सगळ्यात खालच्या पातळीला आलेलं असतं आणि सावधपणाही तसाच तळाला. झोपेमुळे होणारे वाहनांचे अपघात मध्यरात्रीनंतर दोन ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतात, असं इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. समुद्राने तुम्हाला सोडलं ते नेमकं या वेळेच्या तोंडी. उधाणाची रात्र निवडता तेव्हा तुम्ही नकळत परतीसाठी सगळ्यात वाईट तास निवडलेला असतो. यात तुमचा आळस नाही आणि तब्येतीचा दोषही नाही.

त्यात भर पडते जागरणाची. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. जितके तास जागे, तितकी झोपेची ओढ जास्त. शनिवारी सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अडीचला साडेवीस तास जागा असतो. पहिली पाळी करून थेट निघालेला तर त्याहून जास्त. ऑस्ट्रेलियातले ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोजमाप मांडलं : सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि डोळे यांचं एकत्र काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं, आणि २४ तास जागं राहिल्यावर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा आहे, म्हणजे ०.०३ टक्के. सहाला उठलेला माणूस थेंबभरही न पिता, रात्री अकरालाच, गळ पाण्यात असतानाच, त्या रेषेपलीकडे गेलेल्या माणसासारखा झालेला असतो. झोप मोजणारं यंत्र नाक्यावरच्या पोलिसांकडे नसतं, एवढाच फरक. आणि कुणी एखादी बिअर घेतली असेल तर तिची आणि जागरणाची बेरीज होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. होडीतून आत गेलात आणि बोट लागू नये म्हणून गोळी घेतलीत, तर तीत काय आहे ते बघा. प्रोमेथाझीनसारखी औषधं उलटी थांबवतात, पण गुंगी आणतात, आणि ती गुंगी बरेच तास राहते. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच. ज्याने अशी गोळी घेतली त्याने त्या रात्री गाडीला हात लावू नये.

आता उपाय. तुम्ही खात्रीचा मागितला आहे, म्हणून आधी बिनखात्रीचे बाजूला काढतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू, च्युइंगगम. थंड वारा आणि रेडिओ यांची परीक्षा हॉर्न आणि रेनर यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर घेतली. फायदा झाला तो पुसट आणि थोड्या वेळापुरता. या गोष्टींचा उपयोग थांबायची जागा सापडेपर्यंत होतो, त्यापुढे नाही.

त्यांनाच खरा उपयोग दिसला तो दोन गोष्टींचा : कॅफिन आणि पंधरा मिनिटांच्या आतली झोप. दोन्ही एकत्र तर सगळ्यात चांगलं. कॉफी पोटात गेल्यावर असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून आधी प्यायची आणि लगेच डोळे मिटायचे. उठता तेव्हा ती कामाला लागलेली असते. गजर लावून झोपा, कारण अर्ध्या तासाच्या पुढे गाढ झोप लागते आणि मधूनच उठलं की माणूस आणखी सुस्त होतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं पायी फिरा आणि मगच चावी फिरवा. त्या प्रयोगांत कॅफिन १५० ते २०० मिलिग्रॅम होतं. टपरीवरच्या कटिंगमध्ये त्याचा लहानसा अंशच असतो, तेव्हा वडखळ नाक्यावरच्या एका चहावर भरवसा ठेवू नका. गाडी महामार्गाच्या कडेला लावू नका. दिव्याखालचा पेट्रोल पंप किंवा उघड्या हॉटेलचं आवार बघा, इंजिन बंद करा, काच बोटभर खाली ठेवा.

आणि आता या उपायाची मर्यादाही सांगतो, कारण ती तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. त्याच संशोधकांनी २००० मध्ये पहाटेच्या वेळी गाडी चालवणाऱ्यांना २०० मिलिग्रॅम कॅफिन देऊन पाहिलं. आदल्या रात्री थोडी तरी झोप झालेल्यांना त्याचा आधार सुमारे दोन तास मिळाला. अजिबात न झोपलेल्यांना जेमतेम अर्धा तास. रेवदंड्याहून निघून अर्ध्या तासात अलिबाग येतं. तुम्हाला जायचं आहे मोहोपाड्याला.

म्हणून खात्रीचा उपाय एकच : झोप. ती कुठे काढायची एवढंच तुमच्या हातात आहे. शनिवारी दुपारी निघायच्या आधी घरी दीड-दोन तास झोपलात तर रात्रीचं चित्र बरंच बदलतं. जेवून लगेच पडा, दुपारी शरीरालाही झोप हवीच असते. रात्रीची भरती संपल्यावर तिथेच चौघांत एक खोली घेऊन सकाळी सातला निघालात तर आणखी उत्तम. उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ आपणहून वर चढायला लागतं. फक्त कोंबड्याच्या आरवण्याला उठून उसनं अवसान आणू नका, चार-पाच तास पुरे होऊ द्या.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे तिथी बदलण्याचा. चतुर्थीला भरती दुपारी सव्वातीनला भरते, पंचमीला चारला. बाराला गळ टाका, पाणी फिरल्यावर पाचला आवरा, आठच्या आत घरी. उधाणाइतकी ओढ पाण्याला नसते, हे खरं. पण तळाला शिसं नीट बसतं, आणि पाण्याला अजिबात जोर नाही अशी भांगाची स्थितीही अजून आलेली नसते. उधाणच हवं असेल तर तीच भरती दुपारी बारालाही भरते, हे विसरू नका. दिवसा त्या पाण्यावर बसायला उन्हाळ्यात कठीण, हिवाळ्यात मात्र सुखाचं. तांबोशी आणि जिताडा रात्रीच लागतात असं तुमच्यातला कुणीतरी म्हणेल. त्याला गाडी चालवायला शिकवा.

हे मी मनापासून सांगतो आहे. चारपैकी एकटाच गाडी चालवतो ही तुमच्या टोळीतली सगळ्यात मोठी उणीव आहे. दुसरा तयार होईपर्यंत निदान एक नियम करा : पुढच्या सीटवरचा झोपणार नाही. त्याला झोप आवरत नसेल तर त्याने मागे जावं आणि दुसऱ्याने पुढे यावं. त्याचं काम नुसतं गप्पा मारण्याचं नाही. चालवणारा उत्तर द्यायला उशीर करतो का, विनाकारण वेग कमीजास्त होतो का, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकते का, पाठोपाठ जांभया येतात का, हे त्याने बघायचं. आणि ‘थांब’ म्हणायचा हक्क त्याचा. चालवणाऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही, कारण आपल्याला किती झोप आली आहे याचा अंदाज झोप आलेल्या माणसाला येत नाही.

खड्ड्यांचा रस्ता मागे पडला आणि गुळगुळीत रस्ता लागला की सैल पडू नका, हेही सांगून ठेवतो. खड्डे चुकवताना डोकं कामात असतं. एकसुरी, सरळ, रिकामा रस्ता डोळे मिटवतो. खारपाड्याचा पूल ओलांडून तुम्ही आत वळता तेव्हा खाली पाताळगंगाच असते, तुमच्या गावावरून आलेली, पण तिथे ती भरती-ओहोटीच्या हुकमात आहे. पूल ओलांडला की घरी आल्यासारखं वाटतं आणि माणूस अंग सोडतो. मोहोपाडा अजून बरंच पुढे आहे.

प्रश्न : आमचे हे मित्रांबरोबर मासे पकडायला जातात. वाटेत थांबून झोपा म्हटलं तर म्हणतात, मासे खराब होतील. मासे किती वेळ टिकतात?
— एक वाचक भगिनी, चौक

उत्तर : ताई, बर्फ नसेल तर त्यांचं बरोबर आहे. बर्फ असेल तर घाईला काही कारण नाही. शून्य अंशावर मासा जेवढ्या वेगाने खराब होतो, त्याच्या साधारण चौपट वेगाने दहा अंशांवर होतो, आणि आपल्याकडच्या तीस अंशांना तर विचारायलाच नको. डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मासा दोन तासांच्या प्रवासातही उतरतो. तोच मासा पुरेशा बर्फात चार-पाच दिवस सहज चांगला राहतो.

पुरेसा म्हणजे वजनाला वजन, किलोभर माशाला किलोभर बर्फ. नुसता मासा थंड करायला एवढा लागत नाही. एक किलो बर्फ वितळताना तीस अंशांवरचे तीनेक किलो मासे शून्यापर्यंत आणू शकतो. उरलेला बर्फ खर्ची पडतो बाहेरून आत येणाऱ्या उष्णतेवर, म्हणून पेटी जाड थर्माकोलची हवी, आणि ती गाडीत सायलेन्सरच्या बाजूला ठेवायची नाही. बर्फ जाताना वाटेतच घेऊन ठेवावा. रात्री दोनला कोण देणार? लादी फोडून बारीक करावी. मोठा खडा माशाला चार ठिकाणीच टेकतो, चुरा सगळ्या अंगाला लागतो. तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ असे थर द्यावेत, सगळ्यात वर बर्फच. तळाला भोक ठेवून वितळलेलं पाणी निघू द्यावं, कारण रक्तमिश्रित पाण्यात मासा बुडून राहिला की त्याला वास मारतो. मोठा मासा असेल तर तिथेच कल्ले आणि आतडी काढून, पोट धुऊन मग ठेवावा, खराब व्हायला सुरुवात तिथूनच होते. बोयसारखे लहान मासे सबंध ठेवले तरी चालतात.

एवढं करून ते पहाटे तिथेच झोपले आणि सकाळी दहाला घरी आले, तरी मासा तुमच्या हातात ताजाच येईल. चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या मात्र बर्फात घालू नयेत. नांग्या बांधून ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा लागेल अशा ठेवल्या की सकाळपर्यंत जिवंत राहतात.